गालाच्या हाडाने ऐकायचा फोन

माझ्या आईला माझं सोडून जगातल्या सगळ्यांचं ऐकू येतं. खाटकाचं येतं, पोस्टमनचं येतं, मागच्या अंगणातल्या संत्र्यावर बसणाऱ्या कावळ्याचं तर येतंच येतं. त्याच्याशी ती भांडतेसुद्धा. मी बोलायला लागले की मात्र तिच्या चेहऱ्यावर असा भाव येतो, की मी काचेपलीकडे उभी राहून नुसते ओठ हलवते आहे.

यात सगळा दोष तिच्या कानांचा नाही. बराचसा माझ्या नेमाचा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टानुंडा गावी आमच्या चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला मी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंवर ओरडले. चर्चच्या रंगीत काचा थरथरल्या असं माझा नवरा मर्व अजून सांगतो, आणि तो त्या दिवशी चर्चमध्ये नव्हता. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, चाळीस दिवस आवाज चढवायचा नाही. चाळीस दिवस झाले, ईस्टर झाला, ऑर्गनवाल्या बाईंनी मला माफ करून केकही पाठवला, पण नेम काही सोडवेना. एकदा शांत बोलायची सवय लागली की घसाही आळशी होतो. आता माझा आवाज एवढा बारीक झाला आहे, की बेकरीत माझ्या मागे उभ्या असलेल्यांचे पाव आधी बांधले जातात.

बाकीचे नेम साधे आहेत. सकाळी उठल्यावर बायबलमधलं त्या दिवसाचं वचन वाचायचं. शुक्रवारी केक खायचा नाही. रविवारी काही विकत घ्यायचं नाही. आणि रोज संध्याकाळी सहा वाजता आईला फोन करून तेच वचन आणि एक अध्याय वाचून दाखवायचा. आई, हुल्डा तिचं नाव, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि दोन तासांवर लॉक्सटनला एकटी राहते. तिचे डोळे बारीक अक्षराला दाद देत नाहीत, म्हणून हा चौथा नेम. गेली दोन वर्षं मी वाचते, आई मध्येच कधीतरी ‘बरं बरं’ म्हणते, आणि आम्ही फोन ठेवतो. सरकारने तिला कानात घालायची दोन यंत्रं दिली आहेत. ती फ्रिजवर अंड्याच्या कपात ठेवलेली असतात. ती घातली की तिला म्हणे स्वतःचाच चमचा ऐकू येतो.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी अध्यायाच्या मध्यावर असताना आई एकदम म्हणाली, “वर्ना, रोज फोन करतेस आणि गप्प बसून राहतेस. माझं काही चुकलंय का?”

मी म्हटलं, मी गप्प नाहीये, वाचते आहे. तिने थोडी वाट पाहिली आणि म्हणाली, “नाही सांगायचं तर नको सांगूस.” आणि फोन ठेवला.

मर्वचा आवाज ट्रॅक्टरवर कमावलेला आहे, त्याचं तिला ऐकू येतं. त्याने लगेच फोन लावून तिला सांगितलं, की आई, ती चिडलेली नाही, ती तुम्हाला वाचून दाखवते. यावर आई म्हणाली, तू तिचीच बाजू घेणार. मग मर्वने मला अगदी सोपा उपाय सुचवला, तो म्हणजे ओरड. गायक मंडळातल्या बायकांनी तोच सुचवला. पाद्रीसाहेबांनी नेम आणि आई यांत आधी काय येतं यावर दहा मिनिटं विचार केला आणि शेवटी तेही तिथेच आले, फक्त जास्त सभ्य शब्दांत. मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षं माझ्या आईला वाटत होतं, की तिची मुलगी रोज सहा वाजता फोन करून तिच्यावर रुसून बसते.

इथे लाइल नोस्के येतो. लाइल आमचा शेजारी. टेलिफोन खात्यात त्याने सव्वीस वर्षं खांब उभे केले, त्यामुळे टेलिफोनच्या बाबतीत आमच्या गल्लीत त्याचा शब्द शेवटचा असतो. खांबाच्या वर काय चालतं हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. लाइलने सांगितलं, की जपानमध्ये असा एक फोन मिळतो ज्याची काचच थरथरते. तो कानाला लावायचा नाही, गालाच्या हाडाला टेकवायचा. आवाज कानाला वळसा घालून थेट डोक्यात जातो. मी म्हटलं, मग तो इथल्या दुकानातून आणू. लाइल हसला. फार माहिती असलेली माणसं हसतात तसं. तो फक्त जपानमध्ये विकतात, बाहेर पाठवत नाहीत.

पण त्यावरही त्याच्याकडे तोड होती. जपानमध्ये असे लोक आहेत जे तुम्हाला त्यांच्या गोदामातला एक कप्पा देतात. तुम्ही त्या कप्प्याचा पत्ता दुकानाला द्यायचा, दुकान फोन तिथे पाठवतं, आणि गोदामवाले तो तुमच्याकडे रवाना करतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, वर्ना क्लाइनिग, लग्नानंतर टानुंडाच्या बाहेर सलग तीन रात्री कधी न राहिलेली बाई, योकोहामातल्या एका कप्प्याची रहिवासी झाले. तिथे गेल्यावर पत्र टाक, असं मर्व दोन आठवडे रोज म्हणत होता. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्षाला आवाज लागत नाही.

फोनचा एकच रंग शिल्लक होता, पिकलेल्या पीचसारखा गुलाबी. आईला गुलाबी रंग लबाड माणसांचा वाटतो. पण तेवढ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. आई आता सहा वाजता फोन उचलून “हं” म्हणायची आणि पुढे काहीच नाही, ‘बरं बरं’सुद्धा नाही.

गोदामवाल्यांचा ईमेल शनिवारी संध्याकाळी आला. तुमची वस्तू पोचली आहे, बॅटरी असलेलं सामान आठवड्यातून एकाच विमानाने जातं, त्याचे पैसे उद्या रविवारी दुपारपर्यंत भरा. मी तो रविवारी सकाळी चर्चला जाताना वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवला. लाइलचं म्हणणं पडलं, की हे विकत घेणं नाही, आधीच घेतलेल्या वस्तूचं भाडं आहे. मर्वचं म्हणणं, की जपानमध्ये देवाला ओळखणारे कमी आहेत, तिथला रविवार तो मोजणार नाही. मी सोमवारी सकाळी साडेसहाला पैसे भरले. विमान गेलं होतं. पुढचं सात दिवसांनी होतं. त्या सात दिवसांत आई सात वेळा “हं” म्हणाली.

मग कस्टमचा फॉर्म. त्यात एक रकाना होता, वस्तू भेट आहे की खरेदी. लाइल म्हणाला, भेट लिही, सगळे तेच लिहितात, कोण बघतं. ‘कोण बघतं’ हे शब्द माझ्यासमोर उच्चारायचे नाहीत हे लाइलला एव्हाना कळायला हवं होतं. पण खरेदी असंही लिहिताना माझा हात अडखळला, कारण फोन मी आईला भेटच देणार होते. म्हणून मी दोन्ही चौकोनांत खूण केली आणि खालच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात सगळं समजावून सांगितलं: पैसे मी दिले आहेत, वस्तू आईची आहे, तिला अजून माहीत नाही, कृपया तिला कळवू नये. हे पार्सल ॲडलेडमध्ये अकरा दिवस पडून राहिलं. तिथून पत्र आलं, की एकच खूण करा. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘आम्ही तिला कळवलेलं नाही.’ सरकारी पत्रात माझ्याशी एवढ्या मायेने कोणी बोललेलं मला आठवत नाही.

मी खरेदीवर खूण केली. आता सुटलो, असं मर्व म्हणाला. चार दिवसांनी जैवसुरक्षा खात्याच्या बाईंचा फोन आला. दुकानदाराने डब्यात आभाराची भेट म्हणून भाताच्या पेंढ्याची विणलेली एक छोटीशी गाठ ठेवली होती, तिला लोंब्याही होत्या. पेंढा देशात येऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, तेवढी गाठ आम्ही जाळतो आणि बाकीचं सोडतो.

दुसऱ्या कुठल्याही बाईने आभार मानून फोन ठेवला असता. पण मी लॉक्सटनच्या संत्रेवाल्याची मुलगी आहे. आमच्याकडे माहेरी जाताना फळमाशी आत जाऊ नये म्हणून हद्दीवरच्या पिंपात डब्यातलं सफरचंद टाकावं लागतं, आणि आम्ही ते न कुरकुरता टाकतो. एकदा तीन माश्या सापडल्या म्हणून आमच्या आळीत स्वतःच्या झाडाचं लिंबू शेजारणीला द्यायची बंदी आली होती, आणि आईने ती शेजारणीच्या अंत्यविधीच्या दिवशीही पाळली. तेव्हा माझ्या तोंडून आपोआपच गेलं, की त्या पेंढ्याला जे जे टेकलं असेल ते सगळं जाळा.

“सगळं?” बाईंनी विचारलं.

“सगळं. माझे वडील बागायतदार होते.”

 बाई म्हणाल्या, की असं बोलणारी माणसं आता राहिली नाहीत. त्यांनी शब्द पाळला. डबा जाळला, माहितीपुस्तक जाळलं, हमीचा कागद जाळला, चार्जर जाळला, मऊ पिशवीही जाळली. फोन वाचला, कारण तो म्हणे प्लास्टिकच्या वेगळ्या वेष्टनात होता. ऑक्टोबर संपता संपता तो आमच्या दारात आला, सरकारी पारदर्शक पिशवीत, उघडावाघडा, गुलाबी. मर्वने विचारलं, याला कुठून अटक करून आणलं.

लाइलने कुठूनशी वायर आणून तो चालू केला आणि दुपारभर खपून जपानी जाऊन इंग्रजी आणलं. मी सवय व्हावी म्हणून तो रविवारी पर्समध्ये नेला. या फोनचं एक वैशिष्ट्य लाइललाही ठाऊक नव्हतं: फोटो काढताना तो जो आवाज करतो, तो काही केल्या बंद करता येत नाही. जपानमध्ये तशीच रीत आहे म्हणे, चोरून कोणाचे फोटो काढता येऊ नयेत म्हणून. रीत उत्तम आहे. पण मूक प्रार्थनेत माझ्या पर्समधल्या चष्म्याने त्याचं बटण दाबलं, आणि एका मिनिटात त्याने पर्सच्या अस्तराचे सोळा फोटो काढले, प्रत्येक वेळी लोखंडी पेटीचं झाकण पडावं तसा आवाज करत. आख्खं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. एकोणीस वर्षं शांत राहून कमावलेलं सगळं माझ्या मांडीवर ठण् ठण् करत होतं. ऑर्गनवाल्या बाई तर हसल्या.

त्याच दुपारी आम्ही लॉक्सटनला गेलो. आईने गुलाबी रंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मर्वला चहा विचारला. मी तिच्या नावावर घेतलेलं नवं सिमकार्ड त्यात घातलं, फोन तिच्या गालाच्या हाडावर टेकवला, तिचा हात त्यावर ठेवला आणि मागच्या अंगणात संत्र्याखाली जाऊन माझ्या फोनवरून तिला लावला.  मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “आई, मी वर्ना बोलते आहे.”

 मग आईचा आवाज आला, जरा घाबरलेला.

“वर्ना? तू माझ्या डोक्यात काय करते आहेस?”

मी तिथेच झाडाच्या आळ्यात बसले. वचन पाठ होतं तेवढं म्हटलं. आई ऐकत होती; खिडकीतून मला ती दिसत होती, फोन गालात रुतेल इतका दाबून धरलेला. संपल्यावर ती म्हणाली, “तुझा आवाज म्हातारा झालाय गं.” मग विचारलं, की रोज असंच वाचायचीस का. मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, “मला वाटायचं, तू समोर घड्याळ ठेवून गप्प बसतेस.”

त्यानंतरच्या नऊ संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या आणि सगळ्यात दमवणाऱ्या. कारण ऐकू यायला लागल्यावर आईला मतंही आली. मी फार भरभर वाचते. मी शेवटचे शब्द गिळते. मी संदेष्ट्यांची नावं चुकीची उच्चारते, माझ्या वडिलांकडचे सगळेच तशी उच्चारायचे. मर्वच्या ऑपरेशनची बातमी तिला आठ महिन्यांनी कळली आणि तिने ती ताज्या काळजीने घेतली. तीन दिवस मर्वला जिना चढायची बंदी होती. आमच्या घराला जिना नाही. बाईसाहेब सहा वाजायच्या आधीच फोन गालाला लावून बसतात, असं लॉक्सटनच्या खाटकाने मर्वला सांगितलं.

दहाव्या दिवशी सकाळी मला टेलिफोन कंपनीचा ईमेल आला. देशातलं मोबाइलचं जुनं जाळं बंद झालं आहे. नव्या जाळ्यावरून तीन शून्यांचा संकटाचा नंबर ज्या फोनला लावता येत नाही, तो फोन कायद्याने तोडावाच लागतो. आपल्या आईच्या नावावरचा फोन त्यातला आहे. आज दुपारपासून.

मी कंपनीला फोन केला. बावन्न मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगा आला, ज्याने पहिल्याच वाक्यात मला नावाने हाक मारली आणि पुढे प्रत्येक वाक्यात मारत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं, योकोहामापासून. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “वर्ना, तुमचा आवाज नीट येत नाहीये. जरा मोठ्याने बोलता का?”

मी तेच शब्द पुन्हा, तेवढ्याच हळू, पण एक एक सुटा करून सांगितले. आईचं मनगट मोडलं तेव्हासुद्धा तिने आधी मुरंबा उतरवला आणि मग शेजारणीला हाक मारली, ती तो नंबर कधीच लावणार नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, वर्ना, नियम सगळ्यांच्या आयांना सारखाच आहे. फोन लागला नाही म्हणून कोणाची आई गेली तर काय करायचं? त्याचं बरोबर होतं. पेंढ्याच्या वेळीही सरकारचंच बरोबर होतं. आयुष्यात एकदा तरी मला चुकीच्या माणसाशी भांडायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे, पण माझ्या वाट्याला येतात ते सगळे बरोबर असतात आणि मी दमते.

इथल्या कुठल्याही कंपनीत तो फोन चालणार नव्हता. दुकानाकडे परत पाठवायला हमीचा कागद हवा होता, आणि तो माझ्याच शब्दावर जळला होता. लाइल म्हणाला, जपानमध्ये आता याच्याहून नवा निघालाय. मर्वने त्याला दारापर्यंत पोचवलं.

सहा वाजता मी आईच्या घरच्या जुन्या फोनवर लावलं. आईने उचलला. “वर्ना? हा गुलाबी का बोलत नाही?”

मी सांगितलं. कायदा, जाळं, तीन शून्य. पलीकडे शांतता. मी पुन्हा सांगितलं. शांतता. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कावळा. मला दिसत होतं, ती आत्ता खुर्चीत बसली असेल आणि परत तेच तिच्या मनात येईल. माझं काही चुकलंय का. नऊ दिवसांनी पुन्हा तेच.

मी स्वयंपाकघराचं दार लावलं. खिडकी लावली. देवाची मनापासून क्षमा मागितली. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पोटातून ओरडले, “आई, मी चिडलेले नाहीये.”

आवाज कसला, बिजागरी मोडावी तसं काहीतरी बाहेर आलं. मर्व शेडमधून फावडं घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप निघाला. तो दारात फावडं उगारून उभा, मी फोन छातीशी धरून उभी, आणि पलीकडून आई अगदी शांतपणे बोलत होती. मी घाईने फोन कानाला लावला.

“…ऐकू काही येत नाहीये,” आई म्हणत होती. “पण तू वाचते आहेस ना? मला आता माहीत आहे. तू वाच. मी बसले आहे. संपलं की फोन ठेव, म्हणजे मला कळेल. आणि घाई करू नकोस.”

मर्वने फावडं भिंतीला टेकवलं आणि खुर्ची ओढून बसला. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले, नेहमीच्या आवाजात, शेवटचे शब्द न गिळता, नावं आईसारखी उच्चारत. पूर्ण अध्याय. मध्ये दोनदा आई “हं” म्हणाली, दोन्ही वेळा चुकीच्या जागी.